एकतीस फेब्रुवारीचा फोन

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे.

खोटी असती तर तिच्यात मी माझ्या सख्ख्या भावाला इतकं वाईट दाखवलं नसतं.

आणि मध्यरात्र, वादळ, कुत्र्यांचं रडणं असलं काही हवं असेल तर ते इथे मिळणार नाही. जे झालं ते तीन मार्चला, सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. खाली गाड्यांचे हॉर्न वाजत होते आणि शेजारच्या ऑफिसातले लोक जिन्यात उभे राहून चहा पीत होते. मी शाळेत गणित शिकवते. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, ही माझी खोड. तरी हे मानावं लागलं.

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे मिनिट्या म्हणतात. लहानपणापासून काहीही सांगा, उत्तर एकच, "एक मिनिट." जेवायला ये, एक मिनिट. दार उघड, एक मिनिट. मला तो अक्का म्हणतो. मोठेपणी कॉम्प्युटर शिकला आणि छोट्या छोट्या दुकानांना, दवाखान्यांना प्रोग्राम लिहून द्यायला लागला. हुशार आहे. पण हुशारीचा माज पण आहे. म्हणजे होता.

दोन वर्षांपूर्वी त्यानं एका दवाखान्याचं काम घेतलं. काम सोपं होतं. पेशंट येऊन गेला की प्रोग्रामनं पुढच्या महिन्याची तारीख काढायची, आणि त्या दिवशी सकाळी ठीक दहा वाजता पेशंटच्या मोबाईलवर संदेश पाठवायचा, की आज तुमची तारीख आहे, या. दवाखान्यात गर्दी फार व्हायची. म्हणून मिनिट्यानंच डॉक्टरांना सुचवून भिंतीवर पाटी लावायला लावली.

"मोबाईलवर संदेश आल्याशिवाय येऊ नये."

ही पाटी लक्षात ठेवा.

त्या दवाखान्यात एक शिवणाच्या बाई यायच्या. मुलींना शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, सांगितलेलं तंतोतंत पाळणाऱ्या. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रोज एक गोळी असायची. दर महिन्याला रक्त तपासायचं, मग डॉक्टर पुढच्या तारखेपुरत्याच गोळ्या द्यायचे. "एक दिवस चुकवायची नाही," असं दर वेळी बजावायचे.

बाई एकतीस जानेवारीला येऊन गेल्या. पुढचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, म्हणून अठ्ठावीस गोळ्या मिळाल्या.

आता मिनिट्याची चूक ऐका. त्यानंच मला नंतर समजावून सांगितली, आणि सांगताना त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

तो ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो, तिला "एक महिना पुढे जा" म्हटलं की ती नुसता महिन्याचा आकडा एकनं वाढवते. एकतीस जानेवारीची होते एकतीस फेब्रुवारी. आता अशी तारीख आहे का कुठे? माझ्या वर्गातलं पोर असतं तर ओरडलं असतं, "बाई, चूक आहे!" ती भाषा ओरडत नाही. ती गुपचूप अठ्ठावीसच्या पुढे तीन दिवस मोजते आणि "तीन मार्च" लिहून मोकळी होते.

हे मिनिट्याला ठाऊक होतं. अशा कामातल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं. एक ओळ जास्त लिहिली असती तर भागलं असतं. पण एकतीस तारखेला येणारे पेशंट असे असतात किती? नंतर बघू म्हणाला.

अठ्ठावीस फेब्रुवारीला बाईंनी शेवटची गोळी घेतली आणि दवाखान्यात फोन केला.

"अहो, माझी तारीख आली नाही का?"

काउंटरवर एक ताई बसायच्या. साध्या, कामाला चोख. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, तर तीन मार्च. त्यांना शंका आली. बाईंना थांबवून त्यांनी दुसऱ्या फोनवरून मिनिट्याला विचारलं.

"सर, या बाईंच्या गोळ्या आज संपल्यात. तारीख तीन मार्च दाखवतंय. जरा बघता का?"

मिनिट्या दुसऱ्या कुठल्यातरी कामात डोकं घालून बसला होता.

"एक मिनिट," म्हणाला. आणि मिनिटभर सुद्धा बघितलं नाही. "तीन दाखवतंय ना? मग तीनच. कॉम्प्युटर चुकत नसतो, ताई."

ताईंनी बाईंना तीन मार्च सांगितलं. बाई घरी वाट बघत बसल्या. एक दिवस. दोन दिवस.

तीन मार्चच्या पहाटे त्या गेल्या. गुठळी डोक्यात गेली होती.

सकाळी दहा वाजता त्यांच्या मोबाईलवर संदेश आला. आज तुमची तारीख आहे, या.

बाईंचा भाचा दवाखान्यात येऊन खूप ओरडला. डॉक्टरांनी मिनिट्याकडून संदेशांची नोंद मागवली. मिनिट्यानं प्रोग्राम उघडला आणि चार मिनिटांत चूक सापडली. 

माणूस चुकतो. तिथे हात जोडले असते तर मी आज त्याची बहीण म्हणून ताठ मानेनं बोलले असते.

त्यानं आधी प्रोग्राममधली ती चूक दुरुस्त केली. मग नोंद उघडली आणि बाईंच्या नावापुढची तारीख हातानं बदलली. पाठवला, अठ्ठावीस फेब्रुवारी, सकाळी दहा.

म्हणजे संदेश वेळेवर गेला, आणि फोनवर चुकीची तारीख सांगितली ती ताईंनी! बाईंच्या मोबाईलला कुलूप होतं, ते कुणाला उघडता येईना. दवाखान्याचा कागद हाच पुरावा.

ताई डॉक्टरांसमोर रडत म्हणाल्या, "मी सरांना विचारलं होतं हो! त्यांनीच तीन सांगितली."

मिनिट्यानं कानावर हात ठेवले.

"मला असं काही आठवत नाही."

ताईंना त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. "हिनं एका म्हातारीचा जीव घेतला," असं गावभर झालं. त्यांना पुन्हा कुणी कामावर घेईना.

आम्हाला यातलं काही कळलं नाही. एवढंच दिसायचं, की मिनिट्या दवाखान्याच्या रस्त्यानं जायचं टाळतो. लांबच्या वळणानं जातो. जेवताना घास हातात धरून बसतो. भावजय म्हणायची, "अक्का, यांना काय झालंय बघा ना." मी म्हणायचे कामाचा ताण असेल. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण यानं काय खाल्लंय ते आम्हाला कुठे माहीत?

असं वर्ष गेलं.

एक मार्चची सकाळ. मिनिट्या ऑफिसात आला, कॉम्प्युटर सुरू केला. कोपऱ्यात तारीख दिसली...

२९ फेब्रुवारी.

ते वर्ष लीप नव्हतं.

त्यानं डोळे चोळले. मोबाईल काढला. तिथेही २९ फेब्रुवारी. कॉम्प्युटर बंद करून परत लावला. तेच.

जिन्यात जाऊन शेजारच्या ऑफिसातल्या माणसाला विचारलं, "आज तारीख काय हो?"

"एक. का, पगार झाला नाही का?" तो हसला. मिनिट्यानं आपला मोबाईल त्याच्यापुढे धरला. "बघा, काय दिसतंय?"

"एक मार्च. बरे आहात ना?"

मिनिट्यानं मोबाईल स्वतःकडे वळवला. २९ फेब्रुवारी.

म्हणजे दिसत होतं ते फक्त त्यालाच.

रोज सकाळी दवाखान्याच्या प्रोग्रामकडून त्याला एक यादी यायची. कुणाला संदेश गेला, कुणाला जायचाय. त्या दिवशी अठरा नावं होती. खाली लिहिलं होतं, एकूण १९.

त्यानं मोजली. अठरा.

मग यादी आणखी खाली सरकवली. रिकामी जागा... रिकामी जागा... आणि अगदी तळाशी एक ओळ. तिला नाव नव्हतं.

"३१ फेब्रुवारी. पाठवायचा आहे."

अक्का, असं होऊच शकत नाही, तो मला नंतर सांगत होता. त्या भाषेला ही तारीख धरताच येत नाही. तू सांगितलीस तरी ती तीन मार्च करून टाकते. ती छापेलच कशी?

त्यानं सगळा प्रोग्राम पालथा घातला. ती ओळ कुठेच नव्हती.

आणि मग त्याच्या लक्षात आलं... सकाळपासून फोन वाजलेला नाही.

रोज वीस-पंचवीस फोन घेणारा माणूस. त्या दिवशी एक नाही. संदेश नाही, मेल नाही. संध्याकाळी त्यानं बायकोला म्हटलं, "जरा मला फोन लाव." ती समोर बसून लावते. तिच्या कानाला रिंग जातेय. याच्या हातातला मोबाईल काळाठिक्कर, गप्प.

"बिघडलाय, नवीन घे," ती म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

तेव्हा त्याला पहिल्यांदा तो आवाज आला.

कर्र... कर्र...

गोळ्यांची चंदेरी पट्टी असते ना, रिकामी झाल्यावर तिचा एकेक कप्पा बोटानं दाबून बघतात, एखादी राहिलीय का म्हणून? तो आवाज. कानाच्या अगदी जवळ.

घरात कुणालाच गोळ्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी ३० फेब्रुवारी.

यादीत एकवीस नावं. एकूण २२. तळाशी तीच ओळ. पाठवायचा आहे.

फोन मुका. त्याच्या समोरून लोक बोलत जात होते, पण त्याला कुणी हाक मारली नाही. भुकेची शुद्ध नव्हती. नजर सारखी मोबाईलकडे. कशाची वाट बघतोय हे त्याला सांगता येत नव्हतं, पण वाट बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. आता येईल... आता येईल...

दुपारी डावा हात जड झाला. पेला उचलायला गेला तर बोटं मिटेनात.

कर्र... कर्र...

तेव्हा त्याला उमगलं. हे तीन दिवस त्याचे नव्हतेच. हे बाईंचे दिवस होते. त्याच्या प्रोग्रामनं गुपचूप मोजून टाकलेले. ते कुणीतरी आता त्याच्याकडून एकेक करून भरून घेत होतं.

तरी त्यानं तोंड उघडलं नाही. बायकोला नाही, मला नाही. एवढा जीव घाबरा झाला होता, पण खरं सांगायची भीती त्याहून मोठी. मला राग येतो तो याचाच.

तिसरा दिवस.

३१ फेब्रुवारी.

सकाळी पावणेदहापासून तो मोबाईल टेबलावर ठेवून समोर बसला. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरा त्याला "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता.

दहाला एक मिनिट कमी असताना ते आवाज थांबले. गाडी थांबली, माणूस थांबला, जिन्यातलं हसणं थांबलं. पंखा फिरत होता... पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती.

दहा वाजले.

यादीतली तळाची ओळ त्याच्या डोळ्यांदेखत बदलली.

"३१ फेब्रुवारी. पाठवला."

आणि फोन वाजला.

नंबर नव्हता. नाव नव्हतं. त्यानं उजव्या हातानं उचलला.

आधी कर्र... कर्र... मग थकलेला, पण अगदी सभ्य आवाज.

"हॅलो. अहो, माझी तारीख आली नाही का?"

त्यानं बाईंचा आवाज कधी ऐकला नव्हता. तरी ओळखला.

 पलीकडून बाई अजिजीनं म्हणाल्या,

"त्या काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, तुम्हालाच विचारा."

फोन बंद झाला. पंख्याची घरघर परत आली. खालून हॉर्न ऐकू आले. मोबाईलवर तीन मार्च.

आणि आता बघा माणसाचा स्वभाव. एवढं सगळं डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून मिनिट्याच्या मनात पहिलं काय आलं? की हा त्या ताईचा डाव आहे! कुणाला तरी म्हातारीचा आवाज काढायला लावलाय, माझा सूड घेतेय. तारखा, यादी, जड हात, सगळं विसरला. चोराच्या मनात चांदणं. तसाच उठला आणि पत्ता काढत ताईंच्या घरी जाऊन धडकला.

ताई दारात आल्या. वर्षभरात निम्म्या झाल्या होत्या. घरी बसून कुणाच्यातरी कपड्यांना बटणं लावून द्यायचं काम करत होत्या. सुई तशीच हातात.

"तुम्ही कुणाला माझा नंबर दिलात?" तो ओरडला. "हा काय खेळ लावलाय?"

ताईंना राग आला नाही. त्यांनी सुई पदरात खोचली.

"आला का फोन?" त्या हळूच म्हणाल्या. "आत या. बसा."

तो उभाच राहिला.

"मला वर्षभर येतोय, सर. रोज सकाळी दहाला. माझी तारीख आली नाही का, एवढंच विचारतात. मी रडायचे, पाया पडते म्हणायचे, देवाशपथ सांगायचे की बाई, मला माहीत नाही. त्या ऐकून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी परत."

"मग फोन बंद करायचा!"

ताईंनी कपाट उघडलं. कपड्यांच्या खालून एक जुना मोबाईल काढला आणि त्याच्या हातात दिला. मागचं झाकण नव्हतं. आत बॅटरी नव्हती, कार्ड नव्हतं.

"बॅटरी काढून सहा महिने झाले. तरी याच्यावरच येतो."

मिनिट्यानं तो कानाशी नेला.

"अठ्ठावीस तारखेला मात्र माझ्यानं राहवलं नाही," ताई म्हणाल्या. "म्हटलं, बाई, मला नका विचारू. तारीख मी नाही लिहिली. ज्यांनी लिहिली त्यांना विचारा. आणि नंबर सांगितला. तुमचा नंबर मला अजून पाठ आहे, सर. त्या दिवशी मीच लावला होता ना."

मिनिट्या तिथेच खाली बसला.

तिथून तो थेट माझ्याकडे आला. दुपारी शाळेतून येते तर हा स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून. सगळं सांगितलं. ताईंबद्दल सांगितलं तेव्हा मी त्याच्या कानाखाली वाजवायला हात उचलला होता. चाळिशीचा बाप्या, पण उचलला. मग त्याचा डावा हात बघितला. मांडीवर पडलेला, पांढराफटक. माझा हात खाली आला.

"अक्का, मी काय करू गं?"

"कागद घे. लिही."

रडत होता, पण लिहिलं. काय चुकलं, कुणी विचारलं होतं, आपण काय उत्तर दिलं, नोंद कुणी बदलली. खाली सही. मी डोक्यावर उभी राहून तीनदा वाचलं. एक शब्द पळवाटेचा ठेवू दिला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

"वर्ष झालं आता. हे उकरून काय मिळणार आहे?"

"ताईंना त्यांचं नाव मिळणार आहे," मी म्हटलं. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. शाळेत शिकवते, आवाज मोठा आहे माझा."

कागदाची एक प्रत बाईंच्या भाच्याला दिली. त्यानं मिनिट्याला काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. ऐकवायलाच हवं होतं. मिनिट्याचं दवाखान्याचं काम गेलं, पाठोपाठ आणखी तीन कामं गेली. ताईंना डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माफी मागून परत बोलावलं. त्या आता पुन्हा काउंटरवर बसतात. भिंतीवरची पाटी त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः काढून टाकली.

त्यांना आता फोन येत नाही. मी विचारून आले.

मिनिट्याला येतो.

रोज सकाळी दहाला. हात बरा झाला, मोबाईलमधल्या तारखा सरळ झाल्या, पण हे थांबलं नाही. गेल्या महिन्यात तो माझ्याकडे राहायला होता. दहा वाजले तसा उठून गॅलरीत गेला. मी काचेतून बघत होते. फोन वाजलेला मला ऐकू आला नाही. यानं मात्र कानाला लावला, मान खाली घातली, आणि कुणा मोठ्या माणसापुढे उभं राहावं तसा उभा राहिला.

आत आल्यावर मी विचारलं, "काय सांगतोस तू त्यांना?"

"काय सांगणार? चूक माझी होती, बाई, म्हणतो. त्या ऐकून घेतात. मग परत तेच विचारतात."

"अरे, पण किती दिवस असं? वेडा होशील. नंबर बदलून टाक."

 आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उत्तर द्यायला एक मिनिट सुद्धा घेतलं नाही.

"नको अक्का. मी उचलला नाही, तर त्या परत ताईंना फोन करतील."